एक ठिपका

थोरल्याने रविवारी सकाळी गॅरेजच्या फरशीवर खडूने दोन चौकोन आखले, तेव्हाच आईने ओळखलं की आजचा दिवस काही सरळ जायचा नाही. चौकोन गाड्या उचलायच्या लिफ्टच्या खांबांसाठी होते. एक रिकाम्या जागेत होता आणि दुसरा बरोबर जुन्या गाडीच्या पोटाखाली.

“गाडी आहे तिथे,” आई म्हणाली.

“म्हणून तर आखतोय. महिनाअखेर लिफ्ट येणार. तोवर गाडी आपल्या चाकांवर बाहेर गेली तर उत्तम, नाहीतर भंगारवाला क्रेन घेऊन येईल. माझं दोन्हीला काही म्हणणं नाही.”

“तुझ्या वडलांचं असेल.”

“त्यांचं एकतीस वर्षं नुसतं म्हणणंच आहे, आई. गाडी कुठेय?”

गाडी होती, पण विटांवर होती. फिकट हिरवी, गोल दिव्यांची, पोटात गिअरबॉक्स नसलेली. आप्पा रोज सकाळी तिच्या चालकाच्या सीटवर बसत, पेपर वाचून संपवत आणि उतरून दार लोटत. त्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही आणि आतल्या आरशाला हात लावायचा नाही, असे दोन नियम होते. आरसा आप्पांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला होता. त्यात मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, बाकी काही नाही.

ती विटांवर का चढली हे घरात सगळ्यांना पाठ होतं. धाकटीच्या जन्माच्या दिवशी आप्पा सुटे भाग आणायला बाहेरगावी गेलेले होते. काकांनी आईला गाडीत घातलं आणि इस्पितळाकडे गाडी सोडली. पुलाच्या चढावर घाईत गिअर बदलला, खालून धाडकन आवाज झाला आणि चाकं जागच्या जागी आवळली. आईला मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीत चढवावं लागलं. धाकटी इस्पितळाच्या फाटकापासून शंभर पावलांवर, दुधाच्या कॅनांमध्ये जन्मली. तिची तब्येत पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. बिघडलं ते बाकीचं. आप्पांनी गिअरबॉक्स उतरवला, त्याच्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, वीतभर तडा गेलेला सगळ्यांना दाखवला आणि भावाला म्हणाले, “गिअर टाकतोस की घण घालतोस? तू फोडलीस.” आई खाटेवरून म्हणाली, “भाऊजी, पुन्हा तोंड दाखवू नका.” काकांनी दाखवलं नाही. माणूस सरळ होता, सांगितलेलं ऐकायचा.

तर त्या रविवारी नऊच्या सुमारास धाकटी तिच्या फाउंड्रीची व्हॅन घेऊन आली. ती तिथे ओतकामाच्या तपासणीला होती, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचा तिला पगार मिळायचा. घरात हे काम ती फुकट करायची. व्हॅनमधून तिने वेल्डिंगचं मशीन उतरवलं, गॅसचा सिलिंडर उतरवला, आणि हात झटकत म्हणाली, “हाउसिंग बाहेर काढा. वेल्डर दहाला येतोय.”

“ते हाउसिंग जोडलं जात नाही,” आप्पा म्हणाले. “जुनं ओतकाम आहे. मी तेव्हाच विचारलं होतं.”

“तेव्हा नसेल जात, आता जातं. असलं काम करणारा या भागात एकच माणूस आहे. चार वर्षं मी त्याचे वेल्डिंगचे टाके तपासतेय, एकही नापास केलेला नाही.”

“कोण?” थोरल्याने विचारलं.

“काका.”

आप्पा मघापासून चष्मा शोधत होते. ते म्हणाले, “सापडला चष्मा.” चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

“चार वर्षं?” आईचा आवाज चढला. “चार वर्षं भेटतेयस आणि घरात एका शब्दाने बोलली नाहीस?”

“घरात त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं होतं ना? मी काढलं नाही.”

थोरल्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. मघापर्यंत तो भंगाराच्या बाजूचा होता. आता त्याला मनापासून वाटायला लागलं की गाडी थोडी राहावी, निदान दुपारपर्यंत. काका घर सोडून गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्यांच्याकडून दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवायला शिकत होता. ते शिक्षण अर्धवटच राहिलं. अजूनही त्याच्या तोंडून नुसती हवा यायची.

*

काका बसथांब्यापासून चालत आले. खांद्याला पिशवी, पिशवीतून वेल्डिंगच्या मुखवट्याचं कपाळ बाहेर डोकावतंय. फाटकापाशी थांबून त्यांनी बूट झटकले, जणू काही गॅरेजमध्ये माती नेणं बरं दिसलं नसतं.

“आलास,” आप्पा म्हणाले.

“बोलावलं म्हणून आलो.”

“मी नाही बोलावलं.”

“माहितीये.”

आप्पा चष्मा पुसू लागले. शेवटी आई पुढे झाली आणि म्हणाली, “भाऊजी, चहा टाकू?” ‘तोंड दाखवू नका’नंतर तिचं दिराशी हे पहिलंच वाक्य. काका म्हणाले, “टाका वहिनी. साखर कमी.” पूर्वी ते तीन चमचे घ्यायचे. आईला उगाचच भरून आलं आणि ती आत गेली.

हाउसिंग फडताळात सर्वांत खाली, गोणपाटात होतं. थोरल्याने ते बाकावर आणून ठेवलं. काकांनी ते दोन्ही हातांनी उलटंपालटं केलं. वीतभर तडा तसाच होता. त्याचं एक टोक खाली मोकळं संपत होतं. दुसरं टोक वर, बोल्ट बसतो त्या कानापाशी, तळहाताएवढ्या चंदेरी रंगाच्या पट्ट्याखाली शिरत होतं.

“हा रंग कुणी दिलाय?” काकांनी विचारलं.

“कंपनीचा आहे,” आप्पा म्हणाले.

“कंपनी ब्रशने रंग देत नाही.”

“तेव्हा देत होती.”

धाकटीने तोवर लाल रंगाचा फवारा काढला होता. तडा कुठवर गेलाय ते पाहायची तिची ही रीत. लाल रंग फवारायचा, तो भेगेत मुरू द्यायचा, वरून पुसून काढायचा आणि पांढरी पूड मारायची. मग भेगेतला लाल रंग पुडीवर उमटतो आणि केसाएवढी चीरही लपत नाही. ती म्हणाली, “आधी हा रंग खरवडू. आत तडा कुठे संपतोय ते कळायला हवं.”

“ती बाजू चांगली आहे,” आप्पा म्हणाले. “उगाच खरवडू नका. इथून, रंगाच्या कडेपासून खाली जोडा.”

“आप्पा, अर्धा तडा जोडायचा?”

“दिसतो तेवढा जोडायचा!”

धाकटीने भावाकडे पाहिलं. थोरल्याने खांदे उडवले. आप्पा म्हणजे बोल्टचा शेवटचा आटासुद्धा मोजणारा माणूस, आणि तो म्हणतोय दिसेल तेवढंच करा. वय झालं, असं थोरल्याला वाटलं. यांचं काहीतरी बिनसलंय, असं धाकटीला वाटलं, पण खोट कुठे आहे ते तिला कळेना.

काका वाद घालणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, “खरवडायची गरज नाही. याच्या अंगात तेल मुरलंय. तसंच जोडायला गेलं तर टाक्यात बुडबुडे धरतील. दोन तास भाजायला हवं. पूर्वी वहिनींच्या ओव्हनमध्ये भाजायचो आपण. आहे का ओव्हन?”

“बिघडलाय,” आप्पा म्हणाले.

“सकाळी पाव भाजला त्यात,” आई चहा घेऊन येत म्हणाली.

*

आता आप्पांना काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण ते स्वतः सांगणाऱ्यातले नव्हते.

या गॅरेजची एक पद्धत होती, आप्पांनीच घालून दिलेली. ज्याने काम केलं त्याने कामाशेजारी पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने ठोकून, आपली खूण मारायची. आप्पांचा एक ठिपका, काकांचे दोन. गाडी परत आली तर कुणाचा कान धरायचा ते पाहताक्षणी कळावं. पुढे थोरला हाताशी आला तेव्हा त्याला तीन ठिपके मिळाले, आणि धाकटीने हट्टाने चार घेतले. दोन कुणालाच दिले नाहीत. कुणी मागितलेही नाहीत.

आणि त्या चंदेरी रंगाखाली पुट्टी होती, पुट्टीखाली एक भोक होतं, आणि भोकाशेजारी एक ठिपका होता. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो आता स्वयंपाकघरात स्टूल घेऊन ओव्हनसमोर बसला होता.

आई भाजी चिरता चिरता नवऱ्याकडे पाहत होती. ओव्हनचे दोन्ही कप्पे काढून हाउसिंग कसंबसं आत बसलं होतं. जुन्या तेलाचा वास घरभर झाला होता आणि एरवी या वासाला नावं ठेवणारे आप्पा काचेला नाक लावून बसले होते.

“माझा केक आत असताना असे कधी बसला नाहीत,” आई म्हणाली.

“आच जरा जास्त वाटतेय. कमी करू का?”

“भाऊजींनी सांगितलीय तेवढीच आहे. हात लावू नका.”

तासाभराने आत काहीतरी टप्पकन ट्रेवर पडलं. आई सुरी ठेवून उठली.

“उघडू नकोस,” आप्पा म्हणाले. “उष्णता जाईल.”

आईने उघडलं. ट्रेवर पुट्टीचा करपलेला खपला पडला होता, एका बाजूने चंदेरी. तिने चिमट्याने तो उचलून पाहिला, मग विजेरी घेऊन आत वाकली. तडा रंगाच्या कडेला सुरू होत नव्हता. तो वर, थेट बोल्टच्या कानातून निघालेला होता. वाटेत एक गोल भोक होतं आणि भोकाशेजारी ठिपका. एकच.

तिने ओव्हनचं दार लावलं आणि दुसऱ्या स्टुलावर बसली.

“भोक कसलं?”

“तडा पुढे सरकू नये म्हणून टोकाला मारतात.”

“ते मला शिकवू नका. एकेचाळीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढलीत मी. तडा दिसला तर भोक मारतात. तुम्हाला तो कधी दिसला?”

आप्पांनी हिशेब केल्यासारखं छताकडे पाहिलं. हिशेब तोंडपाठ होता. “तीन आठवडे आधी. बोल्ट पाइप लावून आवळला, कान तडकला. नवीन हाउसिंग यायला दोन महिने लागणार होते. म्हटलं, तात्पुरती पुट्टी भरू.”

“आणि तेल झिरपत राहिलं.”

“राहिलं.”

“गिअरबॉक्स कोरडा पडला.”

“पडला.”

“आणि त्या गाडीत मला बसवलंत. पोट एवढं घेऊन.”

“मी कुठे होतो बसवायला?”

“तेच म्हणतेय मी!” आईने खपला टेबलावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. “माझ्या कुशीत पोर होती. मी भाऊजींना म्हटलं, तोंड दाखवू नका. आणि तुम्ही शेजारी उभे होतात. ऐकत होतात. बोलला का नाहीत?”

आप्पांनी स्टूल ओव्हनपासून जरा मागे सरकवलं.

“बोललो असतो तर ते तू मला म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते!” आई म्हणाली. “शंभर वेळा म्हणाले असते. आणि आठ दिवसांत मागे घेतलं असतं. नवरा आहात तुम्ही माझे, कुठे जाणार होतात? भाऊजी गेले. तुमच्या जागी ते गेले.” तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला अधिकच राग आला. “आणि हे सगळं लपवायचं होतं, तर ठिपका कशाला मारलात?”

“हातात पंच होता,” आप्पा म्हणाले. “काम झालं की मारतो मी.”

लबाडी करून तिच्यावर सही करणारा माणूस आईने जन्मात दुसरा पाहिला नव्हता. तिला हसायचं नव्हतं आणि ती हसलीही नाही, पण तोंडावर पदर धरावा लागला.

“पुट्टी आहे घरात,” आप्पा हळूच म्हणाले. “परत भरली तर—”

“अहो!”

“बरं. सांगतो. हाउसिंग जरा थंड झालं की सांगतो.”

तेवढ्यात थोरल्याने दारातून डोकं आत घातलं. “काका म्हणताहेत, वेळ झाली की गरमच घेऊन या. थंड झालं तर टाका धरणार नाही.”

ओव्हनचे हातमोजे एकच जोडी होते. आईने एक स्वतः घातला आणि दुसरा नवऱ्याच्या अंगावर फेकला. “चला. तुम्हीच घेऊन चला. मी एक बाजू धरते.”

*

काकांनी पाहिलं, दादा आणि वहिनी अंगणातून एकेक हातमोजा घालून ट्रे धरून येताहेत, आणि दोघांचीही पावलं जुळत नाहीत. दादा आता म्हातारा दिसत होता. काकांना याचं आत कुठेतरी वाईट वाटलं आणि वाटल्याचं नवल वाटलं.

त्यांनी या तड्याचा विचार एकतीस वर्षं केला होता. दुसरा गिअर, क्लच, तिसरा गिअर. क्लच पूर्ण दाबला होता की नाही? या एका प्रश्नाशी येऊन त्यांचं घोडं अडायचं. दाबला होता असं पायाला आठवत होतं, पण तडा तर सगळ्यांनी पाहिला होता. त्या दिवसानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. कारखान्यात मालाची ढकलगाडीसुद्धा दुसऱ्याला ढकलायला लावायचे. बायको गाडी शिकली आणि ते शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसू लागले. वेल्डिंग त्यांनी धरलं ते याचसाठी. त्यात फुटलेलं जोडायचं असतं, आणि एका जागी बसून.

ट्रे बाकावर आला. काकांनी तारेचा ब्रश उचलला आणि कानापाशी पोचून थांबले.

“दादा.”

“हं.”

“हा तुझा ठिपका.”

“माझाच.”

“भोक तड्याच्या टोकाला मारतात.”

“हो.”

“म्हणजे तडा तेव्हा एवढाच होता. आणि तू तो पाहिला होतास.”

“तीन आठवडे आधी,” आप्पा म्हणाले. “बोल्ट जास्त आवळला होता मी. पुट्टी भरली, रंग मारला. तेल त्याच्यातूनच गेलं. तू काही केलं नाहीस. मी खोटं बोललो.”

आप्पांचं हे आयुष्यातलं सर्वांत लांब बोलणं असावं. थोरल्याचा आ वासलेलाच राहिला. धाकटी म्हणाली, “म्हणजे? म्हणजे मी दुधाच्या गाडीत—” आणि तिथेच थांबली, कारण काकांनी ब्रश खाली ठेवला होता.

त्यांनी हात एकमेकांत धरले, सोडले, पुन्हा धरले. मग हाउसिंगवर धरलेल्या तापमापकाकडे पाहिलं.

“एकशे साठ,” ते म्हणाले. “एकशे वीसच्या खाली गेलं तर पुन्हा भाजावं लागेल. आधी जोडतो. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा, डोळे जातील.”

“भाऊजी, अहो—”

“भिंतीकडे, वहिनी.”

तर असं ते सगळं घर भिंतीकडे तोंड करून एका ओळीत उभं राहिलं. थोरला फॅनबेल्टच्या खुंट्यांसमोर, धाकटी कॅलेंडरसमोर, आई विजेच्या मीटरसमोर आणि आप्पा कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं. मागे मशीन गुणगुणू लागलं आणि भिंतीवर निळसर उजेड पडला. चौघांच्या सावल्या समोर थरथरत उभ्या होत्या.

“एकतीस वर्षं तुम्ही गाडीला हात लावू दिला नाहीत,” धाकटी कॅलेंडरला म्हणाली. “आम्हाला वाटायचं, राग आहे.”

“भीती होती,” आप्पा कोपऱ्याला म्हणाले.

“आणि मी ती भंगारात घालणार होतो,” थोरला म्हणाला. “तुमचं काम झालंच असतं, आप्पा. अडवत का होतात?”

“भंगारात गेली असती तर ठिपका पण गेला असता.”

“तेच तर हवं होतं ना?”

“नाही,” आप्पा म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

उजेड विझला. काका नवी कांडी घेत होते. मुखवट्याच्या आतून त्यांचा आवाज डब्यातून यावा तसा आला. “बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. शेवटी. दारात गाडी उभी होती, किल्ली माझ्या खिशात. मी शेजाऱ्याला उठवायला तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो. तो येईपर्यंत वेळ गेला. फार नाही. डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता.”

नवी कांडी बाकाच्या कडेला लागून वाजली.

“पण मी चालवायला हवी होती,” काका म्हणाले आणि उजेड पुन्हा पेटला.

आई मीटरसमोर उभी राहून रडत होती, आवाज न करता. आप्पांनी कपाळ भिंतीला टेकवलं होतं. धाकटीने भावाचा हात धरला. लहानपणी भांडण झाल्यावर जो आधी हात धरील तो हरला, असा त्यांचा नियम होता. थोरल्याने हात सोडवला नाही.

चाळीस मिनिटं गेली. थोडं जोडायचं, छोट्या हातोडीने टाका हलकेच ठोकायचा, थांबायचं, दुसऱ्या टोकाला जायचं. रागावलेल्या माणसाला असलं काम जमत नाही, असं धाकटीला फाउंड्रीत शिकवलं होतं. तिने ठरवलं की सोमवारी जाऊन सांगायचं, जमतं.

“वळा,” काका म्हणाले.

तडा नव्हता. त्याच्या जागी टाक्यांची एकसारखी नक्षी खालून वर कानापर्यंत गेली होती. भोक भरून निघालं होतं. ठिपक्याच्या मात्र अलीकडूनच टाका वळवला होता, तो होता तसा दिसत होता.

“हा पण घासून टाकतो,” थोरला ग्राइंडरकडे जात म्हणाला.

“राहू दे,” काका म्हणाले. “त्याने केलेलं काम आहे.”

मग ते पंच घेऊन आले, आणि टाक्याच्या दुसऱ्या टोकाशेजारी दोनदा ठोकला. टक. टक. दोन ठिपक्यांचा आवाज या गॅरेजमध्ये फार वर्षांनी झाला. हाउसिंग हळूहळू निवावं म्हणून थोरल्याने जाड घोंगडीत गुंडाळलं आणि आपल्या खडूच्या चौकोनात, गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं. लिफ्टचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. धाकटी म्हणाली, निवलं की लाल रंग मारून तपासते. काका म्हणाले, तपासायलाच हवं.

आई दिरासमोर जाऊन उभी राहिली. “भाऊजी, मी जे बोलले होते ते चुकीच्या माणसाला बोलले. माझी चूक झाली. मला माफ करा.”

“तुम्ही पाहिलंत ते बोललात, वहिनी. तुमच्यावर राग नव्हता माझा.”

“यांच्यावर?”

“यांच्यावर मघाशी आला,” काका म्हणाले. “अजून आहे. राहील बहुतेक काही दिवस.”

“जेवून जाल ना?”

“जेवेन.”

आप्पा कोपऱ्यातून हलले नव्हते. काकांनी मुखवटा पिशवीत घातला, पिशवीची नाडी बांधली, आणि फाटकाकडे न जाता जुन्या गाडीकडे गेले. चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसले.

थोरल्याने आप्पांकडे पाहिलं. धाकटीने पाहिलं. आईने पाहिलंच नाही, ती म्हणाली, “काय बघताय सगळे? बसू दे.”

आप्पा सावकाश चालत पलीकडच्या दाराशी गेले. ते दार एकतीस वर्षं त्यांच्यासाठी कधी उघडलंच नव्हतं. दोनदा ओढावं लागलं. मग ते भावाशेजारी बसले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून मांडीवर ठेवले.

काकांनी समोर पाहिलं. मग हात वर करून आरसा धरला आणि आपल्याकडे वळवला. तो जागीच घट्ट बसला होता, करकरला. आप्पांचा हात अर्धा वर आला.

“काय?” काकांनी विचारलं.

“काही नाही. अजून थोडा खाली घे. तू बुटका आहेस.”

काकांनी आरसा आणखी खाली घेतला. आता त्यात कॅलेंडर दिसत नव्हतं. गॅरेजचं उघडं दार दिसत होतं आणि दारापलीकडचा रस्ता. त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला आणि तळाला टेकेपर्यंत दाबला. खाली गिअरबॉक्स नव्हता, त्यामुळे काहीच झालं नाही.

“मी पूर्ण दाबला होता, दादा,” ते म्हणाले.

“हो,” आप्पा म्हणाले. “पूर्ण दाबला होतास.”